ठाण्यातलं टोपरं

आता एखाद्यावर फिर्याद ठोकायची म्हटली तर आधी डोक्याला टोपरं बांधून घ्यावं लागतं. त्याचं सरकारी नाव उमजपट्टी. पण कपाळावरून मागं जाणारी, हनुवटीखाली बंद बांधायची मऊ कापडी पट्टी म्हटल्यावर बेंदरेवाडीच्या लोकांना तान्ह्या पोराचं टोपरंच आठवलं, आणि तेच नाव पडलं. मिशाळ माणसं ठाण्यात जाऊन टोपरं घालून बसतात, यावर गावात वर्षभर तरी हसणं चाललं होतं. मालन झांबरेही हसली होती. मग तिच्यावर वेळ आली तेव्हा तिनं त्या टोपऱ्याला मनातल्या मनात शिव्याशाप दिले. आज मात्र देवापुढं दिवा लावताना ती ज्यांची नावं घेते त्यांत त्याचंही नाव असतं. देवांना ते चालतं की नाही, हे तिनं अजून कुणाला विचारलेलं नाही.

झालं ते असं. झांबऱ्यांच्या दोन्ही घरांचे द्राक्षमळे एकाला एक लागून, आणि बेदाण्याची शेड सामाईक. थोरला सर्जेराव आणि त्याची बायको मालन. धाकटा भाऊ ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर, त्यामुळं त्या घरचा सगळा कारभार त्याची बायको कांचन बघायची. द्राक्षं जाळीवर वाळून बेदाणा झाला, की त्याला सोनेरी रंग चढावा म्हणून पाट्यांत भरून बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. गंधकाचा तो धूर माणसाच्या छातीत गेला तर छाती आतून भाजून निघते. एवढ्या वर्षांत यंत्रं आली, फवारणीला उडती यंत्रं आली, वाळवणीचा अंदाज फोनवर कळायला लागला, पण धुरीची अंधारी खोली होती तशीच राहिली आणि तिची रीतही. आत जाणाऱ्यानं आपला टॉवेल दाराच्या कडीला अडकवायचा. कडीला टॉवेल दिसला की आत माणूस आहे. टॉवेल नसला की खोली रिकामी, खुशाल गंधक पेटवा आणि दार लावा. ही रीत सासऱ्यांनी घालून दिलेली आणि आजवर एकदाही चुकलेली नव्हती.

त्या दुपारी कांचननं दाराशीच वाटीत गंधक पेटवलं, दार ओढलं, आणि थोड्या वेळानं तिला आतून खोकला ऐकू आला. तिनं दार उघडलं तेव्हा सर्जेराव उंबऱ्याशी पडलेला. तिनंच नाकाला पदर लावून त्याला बाहेर ओढला, आरडाओरडा केला, माणसं गोळा केली. गाडी मिरजेच्या दवाखान्यात पोचली तेव्हा त्याचा श्वास चालू होता, एवढंच.

कडीला टॉवेल नव्हता, असं कांचन रडत रडत सगळ्यांना सांगत होती. मालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती या एका वाक्यानं. सर्जेराव अंघोळ चुकवील पण टॉवेल चुकवणार नाही. म्हणजे टॉवेल होता आणि ही बया खोटं बोलते. शिवाय आदल्याच दिवशी आधी कुणाच्या मालाला धुरी द्यायची यावरून दोघींचं कडाक्याचं वाजलं होतं. कांचन म्हणाली होती, "आक्का, तुमचं नेहमीचंच हाय, एकदा बगाच." तिनं आता दाखवलंच की, असं मालनच्या मनानं घेतलं. त्यात मालनचा भाऊ हणमंत दवाखान्यात येऊन बसला. हणमंताला कायद्याचं सगळं कळायचं, म्हणजे निदान कायद्याचे सगळे शब्द यायचे.

तो तिला तालुक्याच्या ठाण्यात घेऊन गेला. मालननं रडत सांगितलं ते एवढंच, की माझा नवरा आत असताना जावेनं दार लावलं. लिहून घेणाऱ्या हवालदारांनी ते वर्षानुवर्षांच्या सवयीनं कागदी भाषेत बसवलं: आरोपी कांचन हिने मागील भांडणाचा राग मनात धरून, कडीला टॉवेल असल्याचे पाहूनही, जिवे ठार मारण्याच्या उद्देशाने दार बंद केले. संध्याकाळी कांचनला अटक झाली. तिची म्हातारी सासू, म्हणजे मालनचीही सासू, दोन्ही घरांच्या मधल्या ओट्यावर बसून राहिली आणि कुणाच्याच घरात जेवली नाही.

पूर्वी इथंच काम संपलं असतं. आता नव्या कायद्यानं फिर्यादीची उमज पडताळल्याशिवाय पुढचं पान उलटत नाही. तेव्हा आठवड्याभरानं मालन दवाखान्यातून तशीच उठली. पहिल्या दिवशी घाईत उचलून आणलेलं डब्याचं गाठोडं काखेला मारलं आणि हणमंताबरोबर ठाण्यात आली. ते गाठोडं ती दवाखान्याच्या फरशीवर उशाला घ्यायची. खोलीत गेल्यावर कुणी तरी ते बाकावर ठेवायला सांगितलं, तर तिनं नको म्हणून मांडीवरच घेतलं.

समोर फरजाना मुजावर बसल्या होत्या. त्या समजवकील. हे पदही नवंच. त्या ना आरोपीच्या बाजूच्या, ना फिर्यादीच्या. ज्याच्या तोंडी कायद्याचा शब्द जातो त्याच्या डोक्यात त्याचा अर्थही जावा, एवढं बघायचं त्यांचं काम. हणमंत आत यायला निघाला तर त्यांनी त्याला गोड बोलून बाहेर बसवलं.

टोपरं बांधता बांधता त्यांनी मालनला ते काय आहे ते समजावलं. आपण एखादा शब्द ऐकतो तेव्हा मेंदू त्याच्या अर्थाकडं हात लांबवतो, जसा आपण अंधारातही फडताळातल्या मिठाच्या बरणीकडं लांबवतो. बरणी जागेवर असली की काहीच घडत नाही. नसली की हात अडखळतो. मेंदूतही अर्ध्या सेकंदाच्या आत तसाच अडखळा येतो, विजेची एक बारीकशी लाट उठते. ही लाट शास्त्रज्ञांना जुनी ओळखीची. पण पूर्वी ती दिसायला डोक्याला चिकट लेप लावून तेच ते शब्द शेकडो वेळा ऐकवून सरासरी काढावी लागे. आता कापडातच विणलेले संवेदक निघाले आणि एकाच माणसाची, एकाच वेळची लाट ओळखणारी गणितं निघाली. शब्द जागेवर बसला तर टेबलावरचा दिवा हिरवा, अडखळला तर पिवळा.

"म्हंजे खोटं बोललेलं कळतंय," मालन म्हणाली.

"नाही. खोटं बोलणाऱ्याला आपलं खोटं नीट समजलेलं असतं, दिवा हिरवाच राहतो. ही पट्टी फक्त अडखळणं बघते."

मग त्यांनी फिर्याद एकेक शब्द करून वाचायला घेतली, आणि दिव्यानं पहिल्याच ओळीला पिवळं तोंड केलं. शब्द होता आरोपी. आरोपी म्हणजे गुन्हा केलेली, असं मालननं ठणकावून सांगितलं. फरजानाबाईंनी मान हलवली. जिच्यावर आरोप आहे ती आरोपी; गुन्हा केला की नाही ते न्यायालय ठरवतं, आणि ठरेपर्यंत कायदा तिला निर्दोषच धरून चालतो. मालनला हे काही पटलं नाही, पण समजलं, आणि दिव्याला तेवढं पुरलं.

पुढं अजामीनपात्र आला. हणमंतानं सांगितलं होतं की हे कलम लागलं म्हणजे ती आता जन्मात सुटत नाही. बाई हसू दाबत म्हणाल्या की हा शब्द ऐकून निम्मा जिल्हा असंच समजतो. जामीनपात्र म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्क, मागितला की द्यावा लागतो. अजामीनपात्र म्हणजे तो हक्क नाही. न्यायाधीशांना योग्य वाटलं तर ते देऊ शकतात. आणि जामिनावर सुटणं म्हणजे निर्दोष सुटणंही नव्हे, बोलावलं की हजर होईन एवढ्या हमीवर घरी जाणं. मालनला आपल्या भावाचा जरा रागच आला. आठवडाभर त्यानं या शब्दांनी तिला भरवलं होतं, आणि त्यांत दाणा निघाला नव्हता.

मग आलं ते उद्देशाने. दिवा पिवळा. पुन्हा वाचलं, पुन्हा पिवळा. मालन चिडली. हे यंत्र कांचनच्या माहेरच्यांनी आणून बसवलंय काय, असंही बोलून गेली.

फरजानाबाईंनी कागद बाजूला ठेवला. त्यांनी धुरीच्या खोलीचं सगळं विचारून घेतलं आणि तिच्याच खोलीवरून समजावलं. एखादं माणूस आत आहे हे बघून, ते मरावं अशी इच्छा धरून दार लावलं, तर तो उद्देश. मरावं अशी इच्छा नाही, पण आत माणूस आहे आणि दार लावलं तर तो मरेल हे ठाऊक असूनही लावलं, तर ती जाणीव. आत कुणी आहे हे ठाऊकच नव्हतं, पण कुणीही शहाण्या माणसानं जेवढं बघितलं असतं तेवढंही बघितलं नाही, तर तो निष्काळजीपणा. आणि बघायचं ते सगळं बघूनही घडलं, तर अपघात. चारही वेळा दार तेच आणि धूरही तोच. कायदा दाराला शिक्षा करत नाही, दार लावताना मनात काय होतं ते विचारतो.

"आता मला सांगा मालनताई, दार उघडलं कुणी?"

मालन म्हणाली, "तिनंच."

"बाहेर कुणी ओढलं?"

"तिनंच. पर ती भ्याली असंल."

"असेल. ज्याला मारायचं त्याचा खोकला ऐकून माणूस दार उघडायला धावतं का, ते तुम्हीच बघा. मी तुमच्या वतीनं ठरवणार नाही. फक्त शब्द समजून वापरा."

त्यांनी पुन्हा वाचलं, आणि उद्देशाने या शब्दाला दिवा हिरवा झाला. मालनला अर्थ कळला होता. आणि कळल्याबरोबर तो शब्द कांचनवर ठेववेना. भांडकुदळ असेल, तोंडाची फाटकी असेल, पण सर्जेरावाला कावीळ झाली तेव्हा महिनाभर पथ्याचं जेवण याच कांचननं रांधलं होतं. मालननं हलक्या आवाजात सांगितलं की तेवढा उद्देश काढा. पण टॉवेल ठेवा. टॉवेल बघून न बघितल्यासारखं केलं तिनं, ते तर खरंच हाय.

फरजानाबाईंनी तसं लिहिलं आणि वाचलं. कडीला टॉवेल होता.

दिवा पिवळा झाला.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. हा काही कायद्याचा शब्द नव्हे. कडी, टॉवेल, होता, यात न समजण्यासारखं काय? त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं, दिवा पुन्हा पिवळा. मग त्यांनी वेगळं वाक्य घातलं, कडीला टॉवेल नव्हता, त्यालाही पिवळा. त्या खुर्चीत मागं टेकल्या. "शब्द तर तुम्हाला कळतात," त्या सावकाश म्हणाल्या. "पण ऐकलेलं आणि आत ठेवलेलं जुळलं नाही तरी हात असाच अडखळतो. तुमच्या मनात या टॉवेलाचं काही तरी आहे. काय ते मला माहीत नाही, आणि पट्टीलाही माहीत नाही."

मालन मांडीवरच्या गाठोड्याची गाठ चाळवत बसली. चाळवता चाळवता तिची बोटं थांबली. डब्याचं फडकं तर हिरवं होतं. हा पांढरा, चौकड्यांचा. आठ दिवस तो तिच्या डोक्याखाली होता आणि तिनं त्याच्याकडं एकदाही बघितलं नव्हतं.

तिला सगळं दिसलं. कडुलिंबाखाली सर्जेराव जेवून उठला, मळ्यात पाणी बघून येतो म्हणाला आणि शेडच्या मागं वळला. आमटी सांडून फडकं भिजलेलं. डबा बांधायला काही तरी हवं म्हणून ती इकडंतिकडं बघत होती, आणि कडीला टॉवेल होता. हा मळ्यात गेला आणि टॉवेल इथंच विसरला, असं मनाशी म्हणत तिनं तो ओढला, डबा बांधला आणि आदल्या दिवशीच्या भांडणातले कांचनचे शब्द घोळवत घरचा रस्ता धरला. जाता जाता एखादी तिरकी पाटी सरळ करायला तो आत शिरला असेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

म्हणजे टॉवेल होता. आणि कांचन आली तेव्हा नव्हता. दोन्ही खरं.

मालननं पाणी मागितलं. फरजानाबाईंनी पट्टीचा बंद सोडला आणि तिचा चेहरा बघून एवढंच सांगितलं की हवं तर आज थांबू. मालननं विचारलं, की हेच वाक्य घरी घोकून उद्या आले तर दिवा हिरवा होईल का? बाईंनी खोटं सांगितलं नाही. होईल बहुतेक, म्हणाल्या. घोकलेल्याला मन फार वेळ अडखळत नाही.

बाहेर नळावर हणमंत वाट बघत होता. तिनं त्याला सांगितलं, कारण सांगितल्याशिवाय तिला उभं राहवेना. तो आवाज खाली करून म्हणाला, "ताई, तोंड मिटून बस. टॉवेल धू, वाळव, घडी करून ठिव. कुणाला काय कळतंय? न्हाईतर ती सुटंल आन् तू जाशील आत."

त्याचं चूक होतं असं नाही. त्याला बहिणीची माया होती. मालनला तुरुंगाची भीती वाटली, खरोखर वाटली. पण मघाशी शिकलेले चार शब्द डोक्यातून जाईनात. आजवर तिच्या हातून जे झालं ते जाणूनबुजून नव्हतं. इथून पुढं टॉवेल धुऊन घडी करून ठेवला, तर कांचन आत सडेल हे तिला ठाऊक असेल. त्याला काय म्हणतात तेही आता ठाऊक होतं.

ती परत आत गेली आणि गाठोडं टेबलावर ठेवलं. "म्याडम, टोपरं बांधा. टॉवेल मी काढला हुता. कांचनीनं बघितला न्हाई, कारन तो हुताच कुठं? तो माझ्यापाशी हुता. आन् ते मागल्या भांडनाचा राग धरून लिवलंय न्हवं, तो राग तिनं न्हाई, मी धरला हुता."

बाईंनी ते पुरवणी जबाबात लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिवा हिरवा राहिला. मग मालननं विचारलं, आता आरोपी मी का? फरजानाबाईंनी तिचा हात हातात घेतला. ते तपासणारे ठरवतील, म्हणाल्या. आत माणूस नसल्याची खात्री न करता खूण काढली, हा निष्काळजीपणा धरला जाईल असं वाटतं. तो जामीनपात्र आहे. आणि त्याचा अर्थ आता तुम्हाला मी सांगायला नको.

झालंही तसंच. नवा जबाब न्यायालयात गेला तशी सरकारी वकिलांनी हरकत सोडली आणि कांचन जामिनावर घरी आली. पुढं दोषारोपपत्रात तिचं नावच आलं नाही. मालनवर निष्काळजीपणानं गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा लागला. तिला कोठडी बघावी लागली नाही, हमीवर सही करून ती दवाखान्यात परतली. गावात काही जण हळहळले, काहींनी तोंडसुख घेतलं. सासूबाई ओट्यावरून उठल्या आणि आधी कांचनच्या घरी जेवल्या. मालनला ते बरोबरच वाटलं.

हा गुन्हा तडजोडीचा होता. ज्याला दुखापत झाली तो राजी असेल तर न्यायालयाच्या परवानगीनं मिटतो. पण राजी होणाऱ्यालाही टोपरं चुकत नाही. सर्जेराव बोलण्याइतका सावरल्यावर फरजानाबाई पट्टी घेऊन वॉर्डात आल्या. डॉक्टरांनी त्याला धक्का बसेल असं काही सांगू दिलं नव्हतं, त्यामुळं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. बाईंनी वाचलं: आरोपी मालन सर्जेराव झांबरे हिच्याशी मी स्वखुशीने तडजोड करत आहे. दिवा पिवळा.

त्यांनी त्याला आरोपी म्हणजे काय ते समजावलं. त्यानं घोगऱ्या आवाजात सांगितलं की शब्द कळला, पर ती मालन हाय. पुन्हा वाचलं, पुन्हा पिवळा. नवऱ्याच्या डोक्यात तो शब्द बायकोशेजारी बसायलाच तयार नव्हता. बाई हतबल झाल्या. मग मालन खाटेजवळ गेली.

"अवो, मीच हाय ती. कडीचा टॉवेल मी काढला."

सर्जेरावानं डोळे मिटले. मग त्यानं विचारलं, "आमटी सांडली हुती डब्यात?"

"व्हय."

"मग तू तरी कशानं बांधनार," तो म्हणाला. बाईंनी वाक्य पुन्हा वाचलं, दिवा हिरवा झाला. मालन खाटेच्या लोखंडाला डोकं टेकून रडली, आणि नवरा जिवंत असल्याचं, बोलत असल्याचं, असलं काही तरी बोलत असल्याचं तिला इतकं बरं वाटलं की फरजानाबाईंचे आभार मानायचेही राहून गेले. ते तिनं पुढं पाच किलो बेदाण्यानं मानले, आणि बाईंनी ते नियमात बसत नाही म्हणून परत पाठवले. तेव्हा ती नुसतीच तालुक्याला जाऊन, बाईंच्या पाया पडून आली.

कांचनशी मात्र तडजोडीचा कागद नव्हता. तिनं तुरुंगात काढलेले दिवस कुठल्याच कलमात बसत नव्हते. मालन तिच्या दारात गेली, माझं चुकलं म्हणाली. कांचन शेंगा फोडत होती, ती फोडत राहिली. भाऊजी कसे आहेत एवढं तिनं विचारलं. त्यानंतर घराला घर लागून असूनही दोघींचं बोलणं नव्हतं. मालननं तक्रार केली नाही. आपण जे केलं त्याचं नाव तिला आता माहीत होतं, आणि त्यातून सुटका आपल्या हातात नाही हेही.

हंगामाचा शेवटचा माल वाळला तेव्हा सर्जेराव घरी आला होता, कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसण्याइतका. धुरीच्या खोलीला त्यानं काचेची खिडकी पाडून घेतली होती, आत दिवाही लावला होता. पण रीत ती रीत. त्या दिवशी पाळी कांचनच्या मालाची. तिनं पाट्या आत नेल्या. गंधकाची वाटी मालनच्या हातात होती, कारण दुसरं कुणी नव्हतं. रचलेल्या पाट्या सारख्या करायला कांचन पुन्हा आत निघाली आणि दाराशी थांबली.

तिनं खांद्यावरचा टॉवेल काढला. कडीकडं हात नेला, आणि मागं घेतला. मग वळून तो मालनपुढं धरला.

"धरा आक्का. मी भाईर येईपत्तूर सोडू नका."

मालननं गंधकाची वाटी खाली ठेवली. कांचन आत गेली. पाट्या सरकवल्याचा आवाज येत राहिला, आणि मालन दाराशी दोन्ही हातांनी टॉवेल धरून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला तिनं तो टॉवेल वापरला नाही.